कठड्यावरची भिंत: उड्डाणपुलाला ध्वनिरोधक बसवताना

उड्डाणपुलाच्या ध्वनिरोधकाचं काम आलं की पहिली मागणी असते, 'दिसायला जरा बरं करा.' आम्ही रंगांचे कॅटलॉग बाजूला ठेवून आधी छेद (उभा काप दाखवणारं रेखाचित्र) काढला: एका टोकाला टायर-इंजिन, दुसऱ्याला खिडकी, मधे सरळ रेघ. भिंतीने ही रेघ जेमतेम तोडली की सुमारे ५ डेसिबल कमी होतात. त्यावर भिंतीच्या दर मीटर उंचीला दीडेक. कर्कश हॉर्न बराच अडतो, ट्रकची घरघर कमी. मुंबईत पूल तिसऱ्या मजल्याला घासून जातो, आणि सातव्या मजल्याला रस्ता सरळ दिसतो, म्हणजे ऐकूही येतो. मेलबर्नला फ्लेमिंग्टनच्या उंच इमारतींपाशी रस्त्यावर आख्खी नळी बांधलीय ती त्यामुळेच. वरच्या मजल्यांना हे आधीच सांगून टाकावं.

लांबीवर सगळ्यांची कात्री चालते. खिडकी भिंतीपासून १० मीटरवर असेल तर भिंत इमारतीच्या दोन्ही अंगांना ४०-४० मीटर पुढे न्यावी. सोसायटीच्या कुंपणाशी थांबवली तर आवाज वळसा घालून येतो.

मग रूप. ताशी ८० किलोमीटरला सेकंदात २२ मीटर, म्हणजे २ मीटरची अकरा पॅनेल मागे पडतात. पॅनेलगणिक रंग बदलला तर चालकाच्या डोळ्यांपुढे नुसती भिरभिर. आम्ही ५०-६० मीटरला एकदाच छटा बदलली. रहिवाशाची बाजू मात्र रोज दहा मीटरवरून दिसते. तिथे बोल्ट आणि वेल्डिंग लपवणं हेच खरं सौंदर्य.

कठड्यालगत सच्छिद्र पत्रा आणि आत रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर), नाहीतर आवाज आपटून समोरच्या इमारतीवर जातो. वर १५ मिलिमीटर ॲक्रिलिक, चौरस मीटरला १८ किलो. त्यावर १० सेंटीमीटर अंतराने २ सेंटीमीटरच्या उभ्या पट्ट्या: पक्षी आपटत नाहीत, नक्षीही होते. पक्ष्यांना घाबरवायला लावतात त्या घारीच्या स्टिकरचा उपयोग नाही.

ॲक्रिलिकला भोक पाडून बोल्ट मारू नका. ४० अंशांच्या फरकाने २ मीटरची शीट साडेपाच मिलिमीटर वाढते आणि भोकापासून तडकते. रबरी गॅस्केटमध्ये (फट बंद करणाऱ्या पट्टीत) मोकळी बसवा. रॉकवूलला पावसाळी आवरण आणि खाली पाणी जायची भोकं हवीतच.

वारा विसरला जातो. मुंबईसाठी हिशेबात धरायचा वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ११८ किलोचा दाब; २ बाय २ च्या पॅनेलवर पावणेपाचशे, आणि उंची, आकार वगैरेंचे पुढचे गुणक वेगळेच. जुना कठडा हे पेलेल का, हे अँकर बोल्ट ओढून तपासल्याशिवाय खांब उभा करू नये.

पॅनेलखाली २ सेंटीमीटर फट राहिली तर क्षेत्रफळाच्या १ टक्का. तेवढ्याने पॅनेलमधून आरपार जाणाऱ्या आवाजाची ३० डेसिबलची अडवणूक २० वर येते. ती गॅस्केट किंवा ग्राउटने (सिमेंटच्या घोळाने) बुजवावी, पण पुलाचे पन्हाळे सोडून.

जादा पॅनेल पहिल्याच ऑर्डरमध्ये घ्या. दोन वर्षांनी ट्रक घासला की त्या रंगाची छटा मिळत नाही.