ॲल्युमिनियमच्या पट्टीत स्क्रूचं डोकं बसवताना
चपट्या डोक्याच्या एम-4 (4 मिमी जाडीच्या) स्क्रूसाठी पंचाने खूण करून ड्रिलने 4.5 मिमीचं आरपार भोक पाडा. काउंटरसिंक बिट (डोकं बसायला भोकाच्या तोंडाशी उतरता खड्डा पाडणारं) 90 अंशांचंच घ्या. 82 अंशांचं इंची स्क्रूंसाठी असतं; त्यात आपला स्क्रू नुसता वरच्या कडेवर टेकतो. पट्टी 3 मिमीपेक्षा पातळ असेल तर नाद सोडा, खाली ब्लेडसारखी कड उरते.

मशीन अगदी हळू फिरवा. वेगात बिट थरथरतं, खड्ड्याला पैलू पडतात, आणि एकदा पडले की बिट त्यांतच नाचतं. लाइन गेली तर हाताने फिरवायचं हँडड्रिल घ्या. काम उलट साफ येतं.

ॲल्युमिनियम धारेला चिकटतं, म्हणून दोन थेंब डिझेल (ट्रॅक्टरवाल्या गावात त्याला काय तोटा!). मधूनमधून बिट उचलून चुरा झाडा. स्क्रू उलटा धरून डोकं खड्ड्यावर ठेवा: तोंड डोक्याएवढं, सुमारे 8 मिमी झालं की थांबा.