आमची वाटचाल : शनिवारची उमेदवारी

एक खोली, एक कॉम्प्युटर आणि मी, एवढाच आमचा डिझाइन स्टुडिओ होता. व्हिजिटिंग कार्ड, पत्रकं, लेबलं, जे येईल ते करायचो. पुढे माणसं वाढली, कामं वाढली. पण कामाची शिस्त आली ती एका शाळकरी मुलीमुळे.

अनुभवासाठी काही काम द्याल का, असं विचारत ती आली तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. शिकवायला वेळ कुणाला होता! आठवड्यानं ती परत आली, हातात आम्हीच केलेलं एक पत्रक. "यात फोन नंबर सापडतच नाही," म्हणाली. घरी इंकस्केपमध्ये तिनं त्याची मांडणी नव्यानं केली होती. ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यामुळे तिचं काही अडलं नव्हतं. रंग भडक होते, पण नंबर मात्र पटकन दिसत होता. म्हटलं, शनिवारी ये.

सुरुवातीला तिला धूसर झालेले जुने लोगो ट्रेस करायला, म्हणजे त्यांच्यावरून कॉम्प्युटरवर नव्यानं रेषा काढायला दिले. कंटाळवाणं काम, पण हात त्यावरच बसतो. एका साध्या वर्तुळाला तिनं वीसेक नोड, म्हणजे रेषा जोडणारे बिंदू, टाकले होते. गोलाईला पोचे आलेले. चार नोडमध्ये वर्तुळ बसतं हे दाखवलं, तेव्हा बराच वेळ ती नुसती नोडची हँडल, म्हणजे रेषेला वळण देणारे दांडे, ओढून बघत बसली.

मग तिनं केलेलं ते निळं पत्रक. कडेपर्यंत गडद निळा रंग, आणि फाइल बरोबर ए-फोर, 210 बाय 297 मिलिमीटर. ब्लीड, म्हणजे कापून जाणाऱ्या कडेसाठीचा जास्तीचा रंग, सोडलंच नव्हतं. कटिंगला कागद केसभर सरकला आणि गठ्ठ्यातल्या कितीतरी पत्रकांच्या कडेला पांढरी रेघ आली. ती रडवेली झाली. पण फाइल न उघडता छपाईला धाडली होती मी. पुन्हा छापून दिलं, भुर्दंड आमचा. सोमवारी भिंतीवर तिच्या अक्षरात यादी लागली : ब्लीड चारही बाजूंनी 3 मिलिमीटर, रंग सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे), फोटो छापायच्या मापात 300 डीपीआय (इंचाला तेवढे ठिपके), फॉन्ट कर्व्हमध्ये (अक्षरं रेषांच्या आकारात बदललेली).

आता मुलं काम विचारायला येतात तेव्हा मी मार्क विचारत नाही, केलेलं काम बघतो. बरेच जण मनानं रचलेल्या कंपन्यांचे दहा-दहा लोगो आणतात. त्यापेक्षा शाळेच्या नाटकाचं एक पोस्टर आणा, जे खरंच छापलं आणि भिंतीवर लागलं. त्यात कुणी काय बदलायला लावलं, हे मी हटकून विचारतो. "काहीच नाही" असं उत्तर आलं की मला जरा शंका येते. परीक्षेच्या दिवसांत सुट्टी. क्लायंटच्या कामाला हात लावला तर पैसे मिळतात, आणि क्लायंटची हरकत नसेल तर ते काम पोर्टफोलिओत लावता येतं.

भिंतीवरची यादी अजून तीच आहे. परवा एका मुलानं खाली पेनानं भर घातली : "नाव मोठ्यानं वाचा, मग छापा." का, ते इथं लिहीत नाही. क्लायंटनं माफ केलंय.