माझे अहरोन

लहानपणापासून माझी जीभ ‘प’वर अडते. आणि माझ्यासारख्या ख्रिस्ती पाळकाचे अर्धेअधिक शब्द ‘प’नेच सुरू होतात: परमेश्वर, प्रभू, प्रार्थना, पाप, पश्चात्ताप. डिचोलीत भाड्याच्या खोलीत आमची वीस-बावीस जणांची मंडळी रविवारी जमते. मी ‘प... प...’ करत उभा राहिलो की पुढच्या सतरंजीवरची पोरं माझ्याआधी ‘परमेश्वरा’ म्हणून मोकळी होतात. आता मी त्यांनाच म्हणू देतो.

बायबलमध्ये देवाने मोशेला कामगिरीवर बोलावलं, तेव्हा त्यानेही जिभेचीच सबब सांगितली होती. देवाने जीभ काही बरी केली नाही, त्याच्या वतीने बोलायला सोबतीला भाऊ अहरोन दिला. माझे अहरोन दुसरी-तिसरीत शिकतात.

माझ्या पाचारणाबद्दल, म्हणजे देवाने मला सेवेला बोलावल्याबद्दल, लोक काय कुजबुजतात ते मला ठाऊक आहे. मी खाणीवरच्या ट्रकांचा फिटर. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, ट्रक दारोदार गंजत उभे राहिले, आणि पुढच्याच वर्षी मी बायबल घेऊन घरोघरी जाऊ लागलो. काम गेलं म्हणून देव आठवला, असं सासरेसुद्धा म्हणाले. खोटं कसं म्हणू? कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार आपणहून सोडला. मला पगारानेच सोडलं.

आमचा पंथ वेगळा, पण अशा वेळी बाणावलीत जन्मलेले कॅथलिक पाद्री जोसेफ वाझ आठवतात. डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातलेली असताना १६८७ साली ते गरीब मजुराच्या वेशात सिलोनला उतरले. पगार देणारं कुणी नव्हतंच.

गेल्या जूनमध्ये भाडं थकलं. आम्ही दोघं गुडघ्यांवर. बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याला कावळ्यांनी भाकरी आणून दिली, तसं कुठून तरी पाकीट येईल असं मनात होतं. आला तो फोन. साखळीजवळ एका टेंपोची क्लचप्लेट गेली होती. दिवसभर चिखलात उताणा पडून ती बदलली. खरं सांगतो, रागच आला. देवा, कावळा मागितला तर टेंपो पाठवलास! वर भाड्याला तीनशे कमी पडले ते पडलेच. घरमालकीण म्हणाली, “जाता रे, फुडल्या म्हयन्यांत दी.”

त्या रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर मोडून वाटण्याचा विधी. रॉकेल, साबण, लिंबू सगळं करून झालं, तरी नखांतलं ग्रीस निघेना. बायकोने डोळ्यांनीच खुणावलं, हात जरा झाका. भाकर मोडताना हात झाकणार कसे? मी ‘प...’वर अडकलो. पोरांनी शब्द पुरवला, मी भाकर मोडली.