भिंत पांढरी करून द्यायची

चित्रकलेत मास्टर्स करायला अमेरिकेत गेलेय म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे तिथे वेगळं काय शिकवतात?" पहिल्या वर्षी मी ह्याचं लांबलचक उत्तर द्यायचे. आता ३ वर्षं पुरी झालीत, तर खरं सांगून टाकते. चित्र काढायला इथे कोणी शिकवत नाही. एकाही शिक्षकाने माझ्या हातातला ब्रश घेऊन 'हे असं कर' म्हणून दाखवलेलं नाही. हात आधीच तयार असणार हे गृहीत धरलेलं असतं. मी शिकले ते गप्प बसायला. आणि भिंतीतली भोकं बुजवायला, पण ते नंतर.

पदवीचं नाव एमएफए, मास्टर ऑफ फाइन आर्ट्स. नावात मास्टर्स असलं तरी स्टुडिओ आर्टमध्ये हीच शेवटची पदवी धरतात. कॉलेजात चित्रकला शिकवायला पुढे पीएचडीची अट नसते. साधारण ६० क्रेडिट्स, बऱ्याच ठिकाणी २ वर्षं, काही सरकारी विद्यापीठांत ३. माझं मिडवेस्टमधलं, ३ वर्षांचं. प्रबंधाच्या जागी प्रदर्शन असतं, सोबत थोडंसं लेखन.

प्रबंधाऐवजी कलाकृती चालेल, हे आयोवा विद्यापीठाने १९२२ सालीच मान्य केलं होतं. तिथून १९४० मध्ये जे पहिलेवहिले एमएफए बाहेर पडले त्यांत एलिझाबेथ कॅटलेट ही शिल्पकार होती. तिचे शिक्षक चित्रकार ग्रँट वुड. जे तुम्हाला सर्वांत जवळून माहीत आहे तेच करा, असं त्यांचं सांगणं. तिने चुनखडीच्या दगडात कृष्णवर्णीय आई आणि मूल कोरलं. त्या काळी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना तिथल्या वसतिगृहात जागा मिळत नव्हती, त्यामुळे ती बाहेर राहायची. २०१७ मध्ये त्याच विद्यापीठाने नवं वसतिगृह उघडलं आणि त्याला तिचं नाव दिलं. हे वाचलं तेव्हा मला बरंही वाटलं आणि रागही आला.

ज्यांना अर्ज करायचाय त्यांच्या मेलना इथेच उत्तर देते. चित्रांचे १५-२० फोटो, एक स्टेटमेंट, शिफारसपत्रं. फोटो नीट काढा. परीक्षक आधी चित्र पाहत नाहीत, फोटो पाहतात. आणि कर्ज काढून हे शिक्षण घेऊ नका, निदान माझं मत तरी असं आहे. असिस्टंटशिप मिळाली तर फी माफ होते आणि महिन्याला भत्ता मिळतो. बदल्यात मी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना ड्रॉइंग शिकवते. एफ-१ ह्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. शिक्षण संपलं की ओपीटीचे, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करायच्या परवानगीचे, १२ महिने. इंजिनिअर मंडळींना त्यावर आणखी २४ महिने मिळतात, स्टुडिओ आर्टवाल्यांना नाही. हे येण्याआधी माहीत असलेलं बरं. मला उशिरा कळलं.

आता गप्प बसण्याबद्दल.

आमच्याकडे दर सत्रात दोनदा क्रिटिक असतं, सगळे 'क्रिट'च म्हणतात. काम भिंतीवर लावायचं, समोर १४-१५ जण खुर्च्या ओढून बसतात, त्यांत ४ शिक्षक, आणि घड्याळ लावून ४५ मिनिटं बोलतात. पहिला अर्धा तास ज्याचं काम असेल त्याने तोंड उघडायचं नाही. कोणी चुकीचं समजून घेत असेल तरी नाही. तुमच्याऐवजी एखादा मित्र वहीत लिहून घेतो, कारण त्या वेळी आपल्याला धड ऐकू येत नाही. ही सोय मला आधी बालिश वाटली होती.

माझ्या पहिल्या क्रिटला मी तीन कॅनव्हास लावले. प्रत्येक ४ बाय ५ फूट, रिकाम्या खोल्यांतल्या खुर्च्या. खिडकीचा उजेड, लाकडावरची झिलई, सावलीतला निळा, सगळं जमून आलेलं. कौतुक होणार ह्याची मला खात्री होती, खोटं कशाला बोलू. दोन मिनिटं कोणी काहीच बोललं नाही. मग शिल्पकलेचा एक मुलगा म्हणाला, "एवढी मोठी का आहेत ही?" कोणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, नशीब की बोलायला बंदी होती. एक शिक्षिका म्हणाल्या, ह्या चित्रांना खुर्चीपेक्षा खुर्ची रंगवणारीचं जास्त पडलंय.

तेवढ्यात कोणीतरी उठून भिंतीच्या कडेला गेलं. तिथे एक कागदाची पट्टी टाचलेली होती. कॅनव्हासवर रंग लावण्याआधी मी तो कागदावर लावून बघते, त्याची पट्टी. आडवेतिडवे फटकारे, बाजूला पेन्सिलने कशात काय मिसळलं त्याची टिपणं, एका कोपऱ्यात कपाचा गोल डाग. काढायची राहून गेली होती. पुढची २० मिनिटं ते सगळे त्या पट्टीवर बोलले. इथे कोणीतरी बघतंय म्हणे, शोधतंय, कचरतंय. माझ्या सहा महिन्यांच्या चित्रांकडे पाठ करून!

स्टुडिओत येऊन मी पट्टी फाडली. रात्री मैत्रिणीने लिहून घेतलेली वही उघडली. मला स्पष्ट आठवत होतं, कोणीतरी म्हणालं होतं, 'ह्या चित्रांत काही नाही.' वहीत होतं, 'ह्या चित्रांत कोणी नाही. का?' दोन वाक्यांत केवढा फरक, आणि मी शपथेवर पहिलं सांगितलं असतं. तेव्हापासून मित्रांच्या क्रिटला मी स्वतःहून वही घेऊन बसते.

पुढे मी जे केलं ते कोणीही केलं असतं. पट्ट्या आवडल्या ना, घ्या पट्ट्या. महिनाभर मोठमोठे कागद घेऊन फटकारे मारले, टिपणं लिहिली, एका कागदावर तर मुद्दाम कप ठेवला. सगळं मेलेलं. चाचणी करायला काही नसताना केलेली चाचणी, दिसणारच तशी.

ह्या काळात स्टुडिओतला माझा सगळ्यात आवडता सोबती म्हणजे लाल डबा. पायाने दाबून झाकण उघडायचा लोखंडी डबा, तेलकट चिंध्यांसाठी. जवसाचं तेल वाळतं म्हणजे नुसतं सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्यात उष्णता निघते. चिंधी पसरून टाकली तर ती उष्णता उडून जाते. बोळा करून कोपऱ्यात फेकली तर आत साठत जाते आणि काडी न लावता पेट घेऊ शकते. म्हणून चिंध्या डब्यात, झाकण बंद, डबा रोज रिकामा. मी कित्येक वर्षं तैलरंगात काम करून आले होते आणि हे मला ठाऊक नव्हतं. माझे बोळे कायम टेबलाखाली असायचे. थिनर सिंकमध्ये ओतायचं नाही, लेबल लावलेल्या बरणीत जमा करायचं, हेही इथेच शिकले. बाकी कुठल्याही चर्चासत्रापेक्षा मला हे जास्त उपयोगी पडलं, असं मी एकदा बोलून गेले आणि सगळे हसले. मी गंमत करत नव्हते.

दुसऱ्या वर्षी आम्हाला शिकागोला आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नेलं. तिथे जॉर्ज सरा ह्या फ्रेंच चित्रकाराचं ते रविवारच्या दुपारचं, नदीकाठच्या बेटावरचं ठिपक्याठिपक्यांचं चित्र आहे. पुस्तकात तळहाताएवढं पाहिलेलं. प्रत्यक्षात ते ३ मीटर रुंद आहे. जवळ गेलात तर माणसं विरघळून नुसते ठिपके उरतात, आणि मागे मागे सरकत गेलात की छत्र्या आणि झगे पुन्हा जुळून येतात. एवढं मोठं का, ह्याचं उत्तर माझे पायच देत होते, पुढे, मागे, पुन्हा पुढे. पहारेकऱ्याने दोनदा हटकलं. आणि कडेला चौफेर ठिपक्यांचीच एक अरुंद किनार आहे, आतला रंग बदलेल तसा तिचा रंग बदलत जातो. १८८६ मध्ये चित्र पुरं झालं होतं, किनार त्याने दोन-तीन वर्षांनी परत येऊन रंगवली. मी पाहिलेल्या छपाईत ती नव्हतीच.

परतल्यावर पुन्हा खुर्च्या. ह्या वेळी जाड कागदावर, ९ बाय १२ इंचांचं चित्र आणि भोवती चार बोटं कोरी जागा. वेगळी पट्टी घेतलीच नाही. रंग लावून बघायचा तो त्या कोऱ्या कडेवर, टिपण तिथेच, आणि कापायचं काही नाही. आत खुर्ची, बाहेर ती कशी सापडत गेली त्याचा हिशोब. अशी २६ झाली. सगळी चांगली नाहीत. बहुधा ९ चांगली आहेत. शेवटच्या क्रिटला त्याच शिक्षिका म्हणाल्या, "ही किनार आता तुझी सवय झालीय, सांभाळ." मी गप्प होते. ह्या वेळी नियमामुळे नव्हे.

प्रदर्शनाचं सांगायचं तर बुद्धी कमी आणि मोजायची टेप जास्त लागते. गॅलरीत चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर ठेवायचा आमचा रिवाज. म्हणजे फ्रेम २४ इंच उंच असेल आणि ताणलेली तार वरच्या कडेपासून ३ इंच खाली येत असेल, तर ५७ मध्ये १२ मिळवायचे, ३ वजा करायचे, आणि खिळा ६६ इंचांवर. २६ चित्रांचं हे गणित मी रात्री दीड वाजता करत होते आणि एकाचं चुकलं. दुसरं कोणी बघितलं नाही, पण उद्घाटनभर माझी नजर तिथेच.

मग सगळं उतरवायचं आणि स्टुडिओ जसा मिळाला तसा परत करायचा. ३ वर्षांचे खिळे आणि पिना उपटल्या. लहान पात्याने भोकात पुट्टी दाबायची, किंचित वर राहू द्यायची कारण वाळली की ती आक्रसते, दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर मारायचा, मग पांढरा रंग, दोन हात. मोजायला सुरुवात केली होती, १४० नंतर सोडून दिलं. संध्याकाळी ऊन तिरपं आलं तेव्हा दिसलं, माझ्या भोकांच्या आजूबाजूला, रंगाखाली, आधीच्यांनी बुजवलेली भोकं आहेत, बारीक बारीक उंचवटे. कोणीतरी कधीतरी खूप उंचावर काहीतरी लावलं होतं, शिडीवर चढूनसुद्धा माझा हात पोचला नसता एवढं.

रंग ओला असतानाच पुढचा मुलगा जागा बघायला आला. प्रिंटमेकिंगचा, अजून खोकीही न उघडलेला. खिडकी उघडते का, विचारलं. नाही, म्हटलं. मग म्हणाला, जड वस्तू कुठल्या भिंतीवर टांगता येईल? मी डाव्या भिंतीवर बोटाने टकटक करत गेले, पोकळ, पोकळ, पोकळ, आणि जिथे आवाज भरीव झाला तिथे त्याच्या हातात पेन्सिल दिली.