९४ टक्क्यांची बॅटरी मी का घेतली नाही

माझ्या इलेक्ट्रिक गाडीला दहा वर्षे झाली तेव्हा पूर्ण चार्ज करूनही पडद्यावर जेमतेम ८५ किलोमीटरची रेंज दिसू लागली होती, आणि प्रत्यक्षात साठ किलोमीटर झाले की धाकधूक सुरू होत असे. नवी असताना हीच गाडी १४० किलोमीटर सहज जात होती. मोटर, इन्व्हर्टर, ब्रेक यांपैकी कशाचीही तक्रार नसल्यामुळे गाडी विकण्यापेक्षा बॅटरी बदलावी असे ठरवले. हे काम पंधरवड्यात उरकेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात साडेचार महिने लागले आणि त्यातले तीन केवळ निवड करण्यात गेले.

डॅशबोर्डवर अधूनमधून उमटणाऱ्या इशाऱ्यांचे खापरही मी सुरुवातीला मोठ्या बॅटरीवरच फोडले होते. ते इशारे मात्र बोनेटखालच्या १२ व्होल्टच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीमुळे येत होते. ती बदलताच थांबले. रेंज अर्थातच वाढली नाही.

मग ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याच्या जोडणीत, ब्लूटूथचे छोटे उपकरण लावून मोबाइलवर बॅटरीची आतली माहिती वाचायला घेतली. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांप्रमाणे माझ्या गाडीच्या पॅकमध्येही, म्हणजे मोठ्या बॅटरीच्या संचातही, सेलचे ९६ गट एकसर जोडलेले आहेत. (डिसेंबर २०१० मध्ये विक्रीस आलेल्या निसान लीफच्या २४ किलोवॅट-तासांच्या पॅकमध्ये १९२ सेल होते आणि दोन-दोन समांतर जोडून त्यांचे असेच ९६ गट केलेले होते. माझी गाडी ती नव्हे, पण मांडणी तशीच.) एकसर जोडणीत सर्व गटांमधून तोच विद्युतप्रवाह वाहतो, त्यामुळे ९५ गटांत ऊर्जा शिल्लक असली तरी एक गट किमान व्होल्टेजला पोचला की नियंत्रक, म्हणजे बीएमएस, अख्ख्या पॅकला थांबवतो. गाडी उभी असताना गटांमधला फरक १५ मिलिव्होल्टच होता आणि सारे आलबेल वाटत होते. परंतु चार्ज वीस टक्क्यांवर आल्यावर चढावर ॲक्सिलरेटर दाबून पाहिले, तेव्हा दोन गट इतरांपेक्षा १४० मिलिव्होल्टने खाली गेले. एकंदर क्षमता मूळच्या ६१ टक्के उरली होती, म्हणजे २४ युनिटांपैकी साडेचौदा. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. वीजबिलावरचा तोच युनिट.

दोनच गट कमजोर आहेत असे कळल्यावर एका तंत्रज्ञांनी तेवढेच बदलण्याचा सल्ला दिला. खर्चाच्या दृष्टीने तो मोहात पाडणारा होता आणि एखादा गट अचानक निकामी झालेला असेल तर योग्यही ठरतो. पण माझा संपूर्ण पॅकच झिजला होता. दोन ताजे गट बसवले असते तरी मर्यादा तिसऱ्या, मग चौथ्या कमजोर गटाने घातली असती, आणि दर वर्षी पॅक खाली उतरवत बसावे लागले असते. हा मार्ग मी सोडून दिला.

यानंतर मी एक काम केले, जे खरे तर सर्वांत आधी करायला हवे होते: मला किती बॅटरी लागते याचा हिशोब मांडला. माझा नियमित लांबचा प्रवास जाऊन-येऊन १२० किलोमीटरचा आहे आणि वाटेत चार्जिंगची सोय धरता येत नाही. वळसा पडणे, थंडीत हीटर चालणे, पावसात वेग कमी होऊन वेळ वाढणे यांसाठी पाव हिस्सा जादा धरला तर १५० किलोमीटर हवेत. माझी गाडी एका युनिटमध्ये सरासरी ६.२ किलोमीटर जाते, म्हणजे वापरता येण्याजोगे २४ युनिट लागतात. आणि तेही आज नव्हे, तर आठ वर्षांनी, झीज झाल्यानंतर. या एका वाक्याने उत्पादकाकडचा कोरा करकरीत मूळ पॅक बाद झाला. त्याच्यावर २४ लिहिलेले असले तरी संरक्षणासाठी राखलेला भाग वजा जाता साधारण २२ युनिट हाती येतात, म्हणजे पहिल्याच दिवशी १४० किलोमीटरच्या आत. नवेपणाचे आकर्षण मला होते हे कबूल करतो, पण गरज भागत नसेल तर वॉरंटीचा कागद घेऊन काय करायचे?

आता दोन पर्याय उरले: लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी सेल वापरून बाहेर बांधून घेतलेला नवा पॅक, किंवा त्याच गाडीच्या पुढच्या पिढीतला, अपघातग्रस्त गाडीतून काढलेला ४० किलोवॅट-तासांचा वापरलेला पॅक.

एलएफपीवर मी बराच काळ रेंगाळलो. हे रसायन उष्णतेत अधिक स्थिर असते आणि चार्जिंगची आवर्तनेही अधिक सोसते. व्होल्टेजचे गणितही जुळत होते. माझ्या मूळ प्रकारचा सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा होतो, म्हणजे ९६ गटांचे ४०३ व्होल्ट. एलएफपी सेल ३.६५ व्होल्टपर्यंत भरतो, तेव्हा ११० सेल घेतले की ४०१ व्होल्ट होतात. अडचण पुढे होती. एलएफपीचे व्होल्टेज वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे केवळ व्होल्टेजवरून किती चार्ज उरला हे नीट सांगता येत नाही. माझ्या गाडीची सारी यंत्रणा मात्र चार्जबरोबर उतरत जाणाऱ्या व्होल्टेजवर आणि ९६ गटांवर बेतलेली. बांधणाऱ्यांनी शांतपणे सांगितले की त्यांचा बीएमएस गाडीला ९६ गट असल्याचे ‘भासवतो’. एखाद्या गटात बिघाड झाल्यास गाडीला कोणता इशारा जाईल, या प्रश्नाला मात्र समाधानकारक उत्तर मिळाले नाही. शिवाय तेवढीच ऊर्जा साठवायला एलएफपीचा पॅक अधिक वजनाचा होतो, आणि माझ्या गाडीच्या मागच्या ॲक्सलवर तेवढी मुभा नव्हती. एलएफपीसाठीच घडवलेली गाडी मी डोळे झाकून घेईन. दुसऱ्या रसायनासाठी घडवलेल्या गाडीत ते कोंबणे मला पटले नाही.

राहिला वापरलेला पॅक, आणि इथेच मी फसता फसता वाचलो. पहिल्या विक्रेत्याकडच्या पॅकवर आरोग्य, म्हणजे मूळ क्षमतेपैकी उरलेला भाग, ९४ टक्के दिसत होते. बाह्य आकार माझ्या खोबणीत बसणारा, कनेक्टर शाबूत, खोक्यावर ठोकरीची खूण नाही. मी जवळजवळ होकार दिला होता. पण एका जाणकार मित्राने विचारले, “हा आकडा कोणी मोजला?” तेव्हा लक्षात आले की तो कोणीच मोजलेला नसतो, बीएमएस महिनोन्महिने चार्जिंग-डिस्चार्जिंगच्या नोंदींवरून तो अंदाजाने काढत असतो. नियंत्रक बदलला किंवा त्याने शिकलेली मूल्ये पुसली गेली, तर तो पुन्हा नव्या बॅटरीच्या गृहीतकापासून सुरुवात करतो.

म्हणून प्रत्यक्ष डिस्चार्ज चाचणीची अट घातली. पॅक २५ अंश सेल्सिअसला पूर्ण भरायचा, ठरावीक भाराने किमान मर्यादेपर्यंत रिकामा करायचा आणि बाहेर पडलेले युनिट मोजायचे. तापमानाचा आग्रह अशासाठी, की थंड पॅक कमी ऊर्जा देतो आणि मग वादाला जागा राहते. कुरकुर करत विक्रेते तयार झाले. मीटरवर ३१.२ युनिट आले, म्हणजे ४० च्या ७८ टक्के. त्यांनी जाणूनबुजून आकडा पुसला असेल असे मी म्हणणार नाही. पॅक त्यांच्याकडेही कुठून तरी फिरत आलेला होता. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून बाजारात येणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरींना डिजिटल पासपोर्ट बंधनकारक होणार आहे. अशी नोंद हाती असती तर माझे पाच आठवडे वाचले असते.

दुसरा पॅक ८६ टक्के दाखवत होता. त्याच चाचणीत ३३.९ युनिट आले, म्हणजे जवळपास ८५ टक्के; आकडा आणि मोजणी एकमेकांना धरून होती. रिकामा होत आलेला असतानाही गटांमधला फरक ३५ मिलिव्होल्टच्या वर गेला नाही. जलद चार्जिंग किती वेळा झाले याची नोंद नियंत्रकात होती आणि ती माफक होती. मी हाच पॅक घेतला.

बसवण्याचे काम मी स्वतः केले नाही आणि कोणीही हौसेने करू नये. चारशे व्होल्टचा डीसी प्रवाह चुकीला दुसरी संधी देत नाही. तंत्रज्ञांनी पॅकचा वीजमार्ग तोडणारा सर्व्हिस प्लग काढला, कपॅसिटर रिकामे होण्यासाठी दहा मिनिटे थांबले, १,००० व्होल्टचे इन्सुलेटेड हातमोजे घालूनच व्होल्टेज शून्य असल्याची खात्री केली आणि मग जवळपास तीनशे किलोचा जुना पॅक लिफ्ट टेबलावर उतरवला. जुन्या गाडीची आणि नव्या पॅकची संदेशभाषा वेगळी असल्याने मध्ये एक दुभाषी मॉड्यूल घालावे लागले. पॅक चढवल्यावर इन्सुलेशनचा रोध मोजला. प्रत्येक व्होल्टमागे किमान १०० ओहम, म्हणजे चारशे व्होल्टला ४० किलो-ओहम असा निकष आहे. आमचे मापन मेगा-ओहममध्ये आले. कागदपत्रे आणि तपासणी यांत आणखी तीन आठवडे गेले, त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

पहिले दहा-बारा दिवस चार्जचा काटा भरवशाचा नव्हता. एकदा तो ४० टक्क्यांवरून थेट ३३ वर आला आणि माझे धाबे दणाणले. तीन-चार वेळा पूर्ण चार्ज केल्यावर तो ताळ्यावर आला. जलद चार्जिंगचा वेग मात्र वाढला नाही, कारण त्याची मर्यादा जुन्या गाडीच्या यंत्रणेत आहे. गाडीची मागची बाजू किंचित खाली बसली आहे, ती मोठ्या गतिरोधकावर जाणवते. १२० किलोमीटरचा तो प्रवास करून परतलो तेव्हा ४२ टक्के चार्ज शिल्लक होता.

जुना पॅक मी भंगारात दिला नाही. ते दोन कमजोर गट वगळून उरलेले सेल एका ओळखीच्या अभियंत्यांनी सौर पॅनेलच्या जोडीला साठवणुकीसाठी बांधले आहेत. तिथे चढावर ॲक्सिलरेटर दाबणारे कोणी नसल्यामुळे ते निवांत चालले आहेत.