उजवा ड्रम

रविवार, रात्री साडेअकरा

जुन्या मॉरिस गाडीच्या मागच्या चाकांचे अडकलेले ब्रेक ड्रम काढतोय. डावा निघाला. उजवा नाही. बोटांची सालटी निघालीत, कंबर धरलीय, आणि घरात कुणाला त्याचं काही पडलेलं नाही. दादाला फोटो पाठवला तर 'विकून टाक रे' एवढंच. दोन रविवार त्या शेडमध्ये उकिडवा बसतोय तो काय हौस म्हणून?

(हौस म्हणूनच. असो.)

पण झोप उडालीय ती ड्रममुळे नाही. हॅन्डब्रेक ओढलेला होता.

गेल्या रविवारी गाडीचं दार उघडलं तर दांडा पार वर. खाली करायला गेलो तर अर्ध्यात अडकला. पुढची चाकं हाताने फिरतात, मागची दोन्ही दगड. मॉरिसचा हॅन्डब्रेक मागच्याच चाकांवर चालतो, म्हणजे चोर सापडला होता. दांड्यापाशी दोन केबलचे दोन नट असतात, ते सैल करून बघितले. ढिम्म. मग बाबूला विचारलं, तू ओढलास का? तो म्हणाला, मी तुमच्या गाडीला हात तरी लावतो का? म्हणजे मीच. आठवडाभर स्वतःला शिव्या घालत होतो.

कारण अण्णांचा नियम. हॅन्डब्रेक कुंभार्ली घाटात, घरी नाही. घरी पहिला गिअर आणि चाकाला फणसाचा ठोकळा. चिपळूणच्या पावसात हॅन्डब्रेक ओढून ठेवलेली गाडी गणपतीत जागची हलत नाही, हे ते दरवर्षी नव्याने सांगायचे.

आज सकाळी डाव्यापासून सुरुवात. ड्रमला दोन स्क्रू, दोन्हींच्या खाचा पुसलेल्या. एक इम्पॅक्ट ड्रायव्हरने सुटला, दुसऱ्याचं डोकं ड्रिलने उडवलं. आत ड्रमला दाबून ब्रेक लावणारे शू, ते ढिले करायचा एक अ‍ॅडजस्टर असतो आणि तो फिरवायला ड्रमलाच एक भोक ठेवलेलं असतं. ड्रम फिरवायचा, भोक अ‍ॅडजस्टरसमोर आणायचं, स्क्रू ड्रायव्हर घालायचा. किती सोपं! फक्त ड्रम फिरायला पाहिजे, आणि तो फिरत नाही म्हणून तर मी तिथे बसलोय. डाव्याचं भोक नशिबाने समोरच होतं. उजव्याचं कुठेतरी खाली, आभाळाकडे पाठ करून.

मग डिझेल, लाकडाचा तुकडा मध्ये धरून हातोडी, ड्रम थोडा-थोडा चहूबाजूंनी. कडेवर मारायचं नाही, ओतीव लोखंड आहे, टवका उडतो. मी मारलंच एकदा. उडाला. दोनच्या सुमाराला एक टण् असा वेगळाच आवाज आला आणि ड्रम बोटभर पुढे सरकला. बाहेर आला तेव्हा एक लायनर, म्हणजे शूवरचं अस्तर, शू सोडून ड्रमलाच चिकटून आला होता, जुन्या भिंतीवरच्या पोस्टरसारखा. आणि आत गाळ. बारीक, पिवळट, आमच्या वाशिष्ठीचा. फडका ओला करून पुसला. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, फुंकर मारायची नाही. हेही अण्णांचंच.

मग दांडा का अडकतो बघायला सीट काढली. दांडा एरवी जिथे आडवा पडून असतो ती सगळी जागा गाळाने भरलेली. वाळून विटेसारखा कडक. २०२१ च्या पुरानंतर वरवरचा पाइपने धुतला होता, सीटखालचा राहिला.

दांडा खाली असता तर तिथे गाळ बसलाच नसता.

म्हणजे पाणी आत आलं तेव्हाच तो वर होता. म्हणजे २२ जुलैला. मी पुण्यात. दादा तर कुठेच.

पहाटे एकदाच फोन लागला होता. अण्णा म्हणाले, आम्ही माळ्यावर आहोत, काळजी करू नको. मी गाडीचं विचारलं. मीच विचारलं. म्हणाले, लोखंड आहे, कुठे जातंय. मग फोन मेले ते मेलेच.

फणसाचा ठोकळा पाण्यात तरंगतो. हे त्यांना कळलं असणार. म्हणजे ते माळ्यावरून उतरले, अंगणातून शेडमध्ये गेले, दार उघडलं, आयुष्यभर जे करू नको म्हणत आले ते केलं आणि परत वर गेले. फोनच्या आधी की नंतर? पाणी किती होतं तेव्हा, घोट्याला, गुडघ्याला? त्या गुडघ्यांनी? आणि आई काय करत होती? आईला आत्ता जेवताना विचारलं. ती म्हणाली, 'ते खाली गेले होते खरे, मला म्हणाले मीटर बघून येतो.' आणि ताक वाढायला लागली.

फोनच्या आधी की नंतर, हे तिला आठवत नाही. मी दोनदा विचारलं.

बरं, ब्रेक मात्र असा लागलाय की गाडी तसूभर हलली नाही. पाच फूट पाण्यात शेजाऱ्यांची व्हॅन फाटकाला जाऊन टेकली होती, आमची जागच्या जागी. त्याची किंमत म्हणजे माझे दोन रविवार, एक टवका आणि अजून उजवा ड्रम. तक्रार करायला तोंड नाही.

पुढच्या रविवारी उजव्याचं काय करायचं ते बघू. भोक समोर येणार नाही, तेव्हा नुसती हातोडीच.

ठोकळा तेव्हा वाहून गेला तो गेलाच. नवा हवा. आई म्हणते आंब्याचा चालेल. नाही चालणार.