तिकीट न लावलेली पत्रं

लहानपणी आमच्या घरी वर्षातून एकदोनदा तरी निनावी पोस्टकार्ड यायचं. वर देवीचं नाव, खाली अमक्याने हे पत्र पुढे पाठवलं तर त्याला लॉटरी लागली, तमक्याने फाडून टाकलं तर त्याची म्हैस दगावली, आणि शेवटी हुकूम: हाच मजकूर एकवीस जणांना पाठवा. आजी ते देवघरात ठेवायची, आजोबा चहाच्या कपाखाली. मला मात्र आता त्या लिहिणाऱ्याचं कौतुक वाटतं. एकवीस कार्डं विकत आणायची, तोच मजकूर एकवीस वेळा हाताने उतरवायचा, पेटीत टाकायला जायचं. माणूस खुळा असेल, पण फुकटा नव्हता.

फुकटेपणा आणला तो ईमेलने. एकाला पाठवा की एक लाख जणांना, पाठवणाऱ्याच्या खिशाला जवळपास सारखीच तोशीस. हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? मे १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने आपल्या नव्या संगणकाची जाहिरात अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, जवळपास चारशे लोकांना एकदम पाठवली. लोक भडकले. त्यातली गंमत अशी की त्या नेटवर्कच्या घडणीत असलेल्या जॉन पोस्टेल यांनी त्याआधी तीन वर्षं, १९७५ सालीच, एका छोट्या टिपणात लिहून ठेवलं होतं की त्रास देणाऱ्या यंत्राचे निरोप नाकारण्याची सोय आपल्याकडे नाही आणि ती असायला हवी. चोर यायच्या आधी कडीची आठवण करून देणारी माणसं फार थोडी असतात, आणि त्यांचं ऐकणारी त्याहून थोडी.

आम्हा नाशिककरांचा या प्रकरणाशी थोडा घरचा संबंध आहे. देशाची पोस्टाची तिकिटं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापली जातात. १९२६ पासून हे काम इथे सुरू झालं, त्याआधी कित्येक दशकं तिकिटं लंडनहून छापून यायची. माझे एक मामा प्रेसमधून निवृत्त होऊन जेलरोडला राहतात. त्यांना मोबाइलवर रोज कर्जाच्या आणि केस उगवण्याच्या औषधाच्या मेल येतात. एकदा वैतागून म्हणाले, "अगं, मग या ईमेलला तिकीट का नाही लावत?"

मामांना वाटलं, मी हसेन. पण हाच प्रश्न सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर या दोन संशोधकांनी १९९२ साली गंभीरपणे मांडला होता. पैशांचं तिकीट नको, कष्टाचं लावा, असं त्यांचं म्हणणं. पत्र पाठवण्याआधी संगणकाने एक किचकट आकडेमोड करून दाखवायची. एका पत्राला तो वेळ जाणवतही नाही, पण दहा लाख पत्रं पाठवणाऱ्याची यंत्रं दमून जातात. १९९७ मध्ये अ‍ॅडम बॅक यांनी हॅशकॅश नावाने असंच तिकीट तयारही केलं. २००४ च्या जानेवारीत बिल गेट्स दावोसला सांगून आले की दोन वर्षांत ही नको त्या पत्रांची, म्हणजे स्पॅमची, कटकट मिटेल, आणि त्यांच्याही उपायांत असंच एक तिकीट होतं. मिटली नाही, हे मामांचा मोबाइल सांगतोच. कारण नको ती पत्रं पाठवणारे स्वतःच्या यंत्रावर कशाला घाम गाळतील? ते दुसऱ्यांचे हजारो संगणक व्हायरस घालून ताब्यात घेतात आणि तिकिटाचे कष्ट त्यांच्यावर ढकलतात. ती आकडेमोडीची कल्पना पुढे बिटकॉइनच्या कामी आली, ते वेगळं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या प्रेसला धोका नाही."

तिकीट नाही म्हटल्यावर सगळा भार दारावर आला. पत्र आपल्या इनबॉक्सपर्यंत पोचण्याआधी दोन सर्व्हर, म्हणजे पत्रांची ने-आण करणारे संगणक, एकमेकांशी बोलतात: तू कोण, कुणाकडून आलास, कुणासाठी आणलंयस. मजकूर अजून सोपवलेलाही नसतो. तेवढ्यात इकडचा सर्व्हर बदनाम पत्त्यांच्या यादीत समोरच्याचा पत्ता बघतो. ज्या नावाने पत्र आलंय त्या डोमेनने (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या मालकाने) या यंत्राला पत्र पाठवायची परवानगी दिली आहे का, हेही जाहीर नोंदीत तपासता येतं, ते एसपीएफ. मजकूर आल्यावर त्यावरची डिजिटल सही जुळते का, ते डीकेआयएम. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला रोज पाच हजारांहून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांवर एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन्हींची सक्तीच झाली.

पण मला सगळ्यात आवडते ती ग्रेलिस्टिंगची युक्ती. अनोळखी सर्व्हर आला की त्याला ना हो म्हणायचं, ना नाही. 'आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या,' एवढंच. गणपतीच्या वर्गणीला अनोळखी पोरं आली की आमच्या शेजारच्या वहिनी हेच करतात. खरं मंडळ असेल तर संध्याकाळी पावतीपुस्तक घेऊन पुन्हा येतं. रीतसर मेल सर्व्हरही थोड्या वेळाने परत येतो, कारण तसा नियमच आहे. घाईघाईत लाखो पत्रं उडवणारा मात्र बहुधा दुसऱ्यांदा फिरकत नाही.

दारातून आत आलं की मग मजकुराची पारख. २००२ साली पॉल ग्रॅहम यांनी अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ या इंग्रज पाद्र्याचं संभाव्यतेचं गणित या कामाला जुंपायची पद्धत लोकप्रिय केली. नको असलेल्या आणि हव्या असलेल्या पत्रांचे दोन ढीग करायचे आणि कोणता शब्द कुठे किती वेळा येतो ते यंत्राला मोजू द्यायचं. त्यांना आढळलं की भडक लाल अक्षरांचा रंग-कोडसुद्धा अश्लील शब्दांइतकाच गुन्हेगार ठरतो. या पद्धतीत प्रत्येकाची चाळणी वेगळी होते, हे मला भारी वाटतं. मी द्राक्ष निर्यातीच्या ऑफिसात काम करते. आमच्या चाळणीला 'थॉमसन', 'रेसिड्यू', 'कंटेनर' हे शब्द दिसले की ती निवांत होते. एखाद्या मराठीच्या प्राध्यापकाची चाळणी याच शब्दांनी बिथरेल.

तरीही माझं भांडण आहे, आणि ते चाळणीशी नाही, तिच्या गुपचूपपणाशी आहे. एका सीझनला नेदरलँड्सच्या खरेदीदाराने पेटीवरची लेबलं बदलायला सांगणारी मेल नव्या पत्त्यावरून पाठवली. विषयात 'तातडीचे', सोबत जोडलेली फाइल. ती सरळ स्पॅमच्या फोल्डरमध्ये जाऊन बसली. त्याला वाटलं, आम्ही दुर्लक्ष करतोय. आम्हाला वाटलं, भावावरून त्याचं बिनसलंय. दिंडोरीच्या पॅकहाउसमध्ये जुन्या लेबलांच्या पेट्या भरून तयार, आणि दोन्हीकडे शांतता. शेवटी त्याचा फोन आला आणि रात्रभर बायका लेबलं सोलत बसल्या.

तीच मेल आमच्या सर्व्हरने दारात ५५० चा कोड देऊन नाकारली असती, तर 'तुमचं पत्र पोचलं नाही' असं त्याच्याच सर्व्हरने त्याला लगेच कळवलं असतं. तो फोन दोन दिवस आधी आला असता. हे नाकारणंही दारातच झालं पाहिजे. पत्र आत घेऊन मग 'नको' कळवायला गेलं तर खोट्या नावाने आलेल्या पत्राचा नकार भलत्याच बिचाऱ्याच्या माथी जातो, त्याचं नाव कुणीतरी वापरलेलं असतं एवढाच त्याचा अपराध. मोठ्या कंपन्या तोंडावर नाकारण्यापेक्षा बाजूला सारणं पसंत करतात. चुकून चांगलं पत्र अडलं तर ते निदान शोधता येतं, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण शोधणार कोण? स्पॅमचं फोल्डर रोज उघडणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही, आणि जीमेल तीस दिवसांनी ते आपलं आपण साफ करतं.

घरच्या मेलसाठी मी एक सोपा उपाय करते. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि हवा तो शब्द जोडला तरी पत्र आपल्यालाच येतं. त्यामुळे प्रत्येक दुकानाला मी वेगळा शब्द जोडून पत्ता देते. मेनरोडच्या साडीवाल्याला दिलेल्या पत्त्यावर प्लॉटच्या जाहिराती यायला लागल्या की कुणी कुणाला पत्ता पुरवला ते कळतं, आणि तेवढाच शब्द अडवता येतो. साडीवाला गेला, चष्म्याचं दुकान गेलं, एक जिमही गेली. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी चौकशी केली होती त्या मंगल कार्यालयाची मेल मात्र दर तुळशीच्या लग्नानंतर अजून येते. तिचा मुलगा आता शाळेत जातो. कार्यालयाने ताटाचा दर तेव्हाचाच ठेवलाय, कुणी बदलायची तसदीच घेतलेली नाही. तो शब्द मी अडवलेला नाही. त्या दरात कधी कुणाचं लग्न निघालंच, तर मेल हाताशी असलेली बरी.